मशीननं दाखवलं नव्हतं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो आमच्याच दवाखान्यात भूल देतो. डॉक्टर आहे, त्यानं समजून घेतलं असतं. पण ‘होतं गं असं’ म्हणून तो माझ्या खांद्यावर हात ठेवेल, याचीच मला भीती वाटायची. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. नक्की माहीत नाही.

मी मिरजेत रेडिऑलॉजिस्ट आहे. एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी — अंधाऱ्या खोलीत बसून माणसांच्या आतलं बघायचं आणि जे दिसेल ते लिहून द्यायचं. माणूस मला क्वचित भेटतो. त्याची छाती भेटते, पोट भेटतं. बरीच वर्षं हे काम करतेय आणि — हेही सांगून टाकते — मी त्यात चांगली आहे. आपण चांगल्या आहोत हे मला जरा जास्तच माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एआयचं सॉफ्टवेअर वापरून बघायला आलं. सगळे त्याला मशीनच म्हणायचे. छातीचा फोटो काढला की ते लगेच वाचायचं, आणि जिथं शंका वाटेल तिथं लाल चौकोन काढायचं. मी फोटो बघून ‘सहमत’ किंवा ‘असहमत’ दाबायचं. शेवटचा शब्द माझाच. यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? पण पहिल्याच मीटिंगमध्ये आमचे मोठे सर म्हणाले, “चला, आता मॅडमना घरी बसून पोळ्या लाटायला हरकत नाही.” सगळे हसले. मीही हसले — बहुतेक सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

त्या दिवसापासून मी मशीनच्या चुका जपून ठेवायला लागले. एकदा त्यानं शर्टाच्या बटणाला चौकोन काढला. एकदा एका पैलवानाच्या गळ्यातल्या ताइताला गाठ ठरवलं. तो किस्सा मी कँटीनमध्ये किती वेळा रंगवून सांगितला असेल! आणि जेव्हा ते बरोबर यायचं तेव्हा? तेव्हा मी चहा संपवून उठायचे.

त्याच दिवसांत सुभेदार आले. माण तालुक्यातल्या एका वाडीचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी शुभांगी मिरजेत दिलेली, शाळेत शिकवते. हर्नियाचं ऑपरेशन मुलीच्या गावात करू, म्हणून आलेले. ऑपरेशनच्या आधी छातीचा फोटो काढतात, तसा काढला. मशीननं डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडामागं, एक छोटा चौकोन काढला.

मी ‘असहमत’ दाबलं. रिपोर्टमध्ये लिहिलं — छाती स्वच्छ. आणि पुढचा फोटो उघडला.

ऑपरेशन छान झालं. सुभेदार घरी गेले. वर्ष उलटायच्या आत परत आले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता आणि थुंकीतून रक्त पडत होतं. सीटी मीच केला. चौकोन होता त्याच जागी गाठ होती. आता लिंबाएवढी, आणि तिथून पुढं यकृतात पसरलेली. मी एकटीच होते खोलीत. जुना फोटो उघडला, शेजारी ठेवला. नंतर बंद केला.

शुभांगी माझ्या खोलीत आली. भांडायला नाही आली — ते सोपं गेलं असतं. हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, तेव्हा तर फोटो काढला होता ना? ते नवीन मशीनसुद्धा होतं. बाबा कौतुकानं सांगत होते सगळ्यांना.”

मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हालाही माहीत आहे. मी म्हणाले, “मशीननं दाखवलं नव्हतं.”

तीन शब्द. ते बोलायला मला जराही जड गेलं नाही, हे मला आजही खरं वाटत नाही. शुभांगी रडायला लागली. सुभेदार दारात उभे होते, त्यांनी ऐकलं. आत येऊन मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “आवं बाई, मशीनच ते. त्याचा काय राग धरायचा? तुमी नगा जिवाला लावून घिऊ.”

मला! जिवाला लावून घेऊ नका, असं ते मला म्हणाले.

कुणी विचारलं असतं, शोधलं असतं, तर माझं ‘असहमत’ सापडलं असतं. कुणी शोधलं नाही. मशीन सुभेदारांच्या वेळी चुकलं, ही गोष्ट दवाखानाभर झाली. आधीच त्याचे ताइताचे किस्से झालेले — ते कुणी पसरवले होते? — मग सरांनी ते कंपनीला परत करून टाकलं. मला कुणी काही बोललं नाही. उलट सर म्हणाले, “माणसाच्या डोळ्याला तोड नाही, मॅडम.” मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

इथंच थांबलं असतं तर एका घरापुरतं राहिलं असतं. पण खोट्याला पाय फुटतात. सुभेदारांची औषधं चालू असताना आमच्या दवाखान्यानं त्यांच्या वाडीत क्षयरोगाचं शिबिर ठेवलं. एक्स-रेची गाडी एका संस्थेची, तिच्यातही तसंच फोटो वाचणारं मशीन. दर काही आठवड्यांनी ती गाडी त्या भागात फिरणार होती. डॉक्टर म्हणून पहिल्या दिवशी मी गेले. शाळेच्या पटांगणात सुभेदार शाल पांघरून, खुर्चीवर बसून होते. उठवत नव्हतं, तरी मला बघून उठले. माणसं गोळा करून त्यांनी सांगितलं, “मशीनचा नाद करू नगा रं. माझा फोटू मशीननं बघितला न् माझं हे असं झालं. बाई सोत्ता बघत असल्या तरच छाती दावा.”

एक म्हातारी पुढं आली. “बाई, तुमीच बघनार न्हवं? मशीन न्हाई न्हवं?”

“मीच बघणार,” मी म्हणाले.

एवढी माणसं समोर होती. सुभेदार होते. ऊन कोवळं होतं, पोरं गाडीभोवती खेळत होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी मी माझा सत्कार करून घेतला. नारळ घेतला, टोपी घातलेल्या मास्तरांच्या हातून. सगळ्यांनी छातीचे फोटो काढून घेतले, मी दिवसभर बसून ते वाचले, आणि खरं सांगू? — मला बरं वाटत होतं.

पुढच्या खेपेला मी नव्हते. गाडी पटांगणात उभी राहिली आणि कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. “बाई कवा येनार?” एवढंच लोक विचारायचे, असं गाडीवाल्यानं मला फोनवर सांगितलं. मी म्हणाले, बघू, वेळ काढते. काढला नाही. मग गाडीनं ती वाडी सोडून दिली.

सुभेदार पावसाळ्याच्या शेवटी गेले. त्यांची बायको हौसाबाई. नवऱ्याच्या आजारपणात, शिबिर होऊन गेल्यावर, तिला खोकला लागला, तो तिनं कुणाला सांगितला नाही. गाडी दारात आली होती, पण नवऱ्यानं सांगितलेलं — बाई असल्या तरच. शुभांगी तिला मिरजेला घेऊन आली तेव्हा क्षयानं एका फुप्फुसाचा वरचा भाग खाल्ला होता. औषधं घेऊन ती वाचली. आता चढ चढवत नाही, मेंढरांमागं जाता येत नाही. गाडीत फोटो काढला असता तर लवकर सापडलं असतं का? मला ते ठरवता येतं, माझं कामच ते आहे. सापडलं असतं.

ती तपासणीला आली की माझ्या खोलीत डोकावून जाते. कधी ज्वारीचं पीठ आणते. “आमच्या ह्यांचा तुमच्यावर लय भरवसा,” असं एकदा म्हणाली. मी पीठ घेतलं. भाकरी केल्या, खाल्ल्या.

आम्ही जैन. पर्युषण पर्व संपलं की आमच्यात सगळ्यांची क्षमा मागतात — घरच्यांची, शेजाऱ्यांची, वर्षभर तोंड न बघितलेल्या भाऊबंदांचीही. मी दरवर्षी मागते. मन लावून मागते. शुभांगीचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तिला मी कधी फोन केला नाही.

आणि अजून मी मुद्द्यावर आलेले नाही. एव्हाना तुमची समजूत झाली असेल, की मी घाईत होते, डोळ्यांतून निसटलं. मीही स्वतःला वर्षानुवर्षं तेच सांगितलं. गळ्याच्या हाडामागं गाठ लपते, भल्याभल्यांची चुकते, पुस्तकातसुद्धा लिहिलंय. पण तसं झालं नव्हतं. फोटो उघडला तेव्हा चौकोनाच्या आत मला एक अंधुक ठिपका दिसला होता. तो चौकोन नसता, तर मी म्हणाले असते — थांबा, एक सीटी करून घेऊ. माझ्या हातून असे कितीतरी सीटी झालेत. पण ते त्यानं आधी बघितलं होतं. मी ‘सहमत’ दाबलं असतं तर ती गाठ त्याची ठरली असती. ते मला सोसलं नाही. हर्नियाला आलेला धडधाकट माणूस आहे, म्हटलं, काही नसेल. बटण दाबलं.

मागच्या महिन्यात दवाखान्यात पुन्हा तसंच सॉफ्टवेअर घ्यायची चर्चा निघाली. आता सगळीकडेच आलंय ते. जुने सर निवृत्त झालेत. खात्यात मीच सगळ्यांत मोठी. मी म्हणाले, घ्यायला हवं. कुणीतरी विचारलं, “पण मॅडम, त्या सुभेदारांच्या वेळी चुकलं होतं ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. सांगण्यासाठी याहून सोयीची वेळ कुठली येणार होती? सुभेदार राहिले नव्हते, सर दवाखान्यात नव्हते, माझी नोकरी कुणी काढून घेणार नव्हतं.

“आता सुधारलं असेल,” मी म्हणाले.

माना डोलल्या. मशीन आलं, आता रोज माझ्या शेजारी चालतं. त्या फोटोपुरतं त्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं. सुभेदारांची छाती त्यानं बरोबर वाचली होती. मीही बरोबर वाचली होती.