भावजी, ब्लॉग आणि दीर्घ ‘क्षी’

आमचे भावजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन चालवून पोट भरलं. निवृत्त झाले, पण खोड काही जाईना. रस्त्याने दुकानांच्या पाट्या वाचत जायचं, चूक दिसली की फोटो काढायचा आणि ब्लॉगवर त्या पाटीची सालटी काढायची. ‘येथे शूद्ध तेल मिळेल’ यावर त्यांनी तीन पानं लिहिली. तेलवाला अजून त्यांच्याशी बोलत नाही.

परवा सकाळीच त्यांचा फोन. “लगेच ये. या ब्लॉगवाल्यांवर माझा भरवसा राहिला नाही.”

मी कॉलेजच्या ऑफिसात टायपिंग करते, म्हणून घरातली कॉम्प्युटरची डॉक्टर मीच. रजा टाकून धावले. बघते तर कंपनीची साधी मेल. ‘आमची सेवा बदलत आहे. आपले लेखन सुरक्षीत आहे.’

“यात वाईट काय आहे?”

“क्षी दीर्घ आहे!” भावजी कडाडले. “ज्यांना सुरक्षित लिहिता येत नाही, ते सुरक्षित ठेवणार काय, कप्पाळ!”

आता हसावं की रडावं! मी निमूटपणे बॅकअपचं बटण दाबलं. ते मागे उभे. “सगळं घे हं. लेखांच्या खालचंसुद्धा.”

पाच मिनिटांत फाइल उतरली. लेख चारशे बारा, प्रतिक्रिया शून्य.

“झालं! लेख सगळे आले. आता चहा तरी पाजा.”

भावजी मटकन खुर्चीत बसले. “म्हणजे काहीच आलं नाही.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस लिहायला बसला की कानाशी ढोल बडवला तरी ऐकू जायचं नाही. हाका मारून घसा बसला की ताई स्वयंपाकघरातून मोबाईलवर आदल्या लेखाखाली प्रतिक्रिया टाकायची. तिच्याशिवाय त्या ब्लॉगवर काळं कुत्रंही फिरकत नसे. ‘लेख छान. जेवायला या, भाजि निवतेय.’ ‘औशध घेतलं का?’ ‘पुरे तुमचं ऱ्हस्व-दिर्घ, नळ गळतोय.’

ताईला जाऊन दोन वर्षं झाली.

त्या प्रतिक्रिया कॉपीही होईनात. मेल्यांनी तेवढीसुद्धा सोय ठेवली नव्हती! मग काय, एकेक वाचत टाइप करायला बसले. चहा राहिला तो राहिलाच. मध्येच हसू फुटायचं, मध्येच पडदा धूसर व्हायचा. फार आठवण आली हो तिची. भावजींची बोलणी नकोत म्हणून जाता जाता तिचं शुद्धलेखनही नीट केलं आणि संध्याकाळी अकरा पानं छापून त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी लाल पेन काढलं आणि पहिलंच पान रंगवून टाकलं.

“अहो, एक चूक दाखवा त्यात!” मी भडकलेच. दिवसभर पाठीचा काटा ढिला झाला होता माझ्या.

भावजींनी पान फक्त माझ्यापुढे सरकवलं. ‘भाजी’भोवती गोल, ‘औषध’भोवती गोल, ‘दीर्घ’भोवती तर दोन गोल. शेजारी समासात, छापखान्यातल्या त्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मूळ प्रतीप्रमाणे करावे.’

मी पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसले आणि ताईचं ‘दिर्घ’ ऱ्हस्व करून दिलं.