मुकादम प्रथिनं आणि हिरवा चुडा

माझी थोरली बहीण गेली तेव्हा भेटायला आलेल्या बायका तिच्या चेहऱ्याचं कौतुक करत होत्या. "शेवटपतूर एक सुरकुती न्हाई बगा." सुरकुती पडायला कातडी जरा सैल असावी लागते आणि हिची काही वर्षं ढोलकीच्या पानासारखी ताणत चालली होती, हे त्यांना कोण सांगणार?

तिला डिंभे धरणाच्या बाजूच्या गावात दिली होती. भातलावणीत तिची बोटं आधी पांढरी पडायची, मग निळी. गार पाण्यानं होतं, असं सासरच्यांनी एकमतानं ठरवलं. एकमत झालं की डॉक्टर कशाला लागतो? पुढे बोटं आखडली, तोंड पुरतं उघडेना, गाल मात्र तुकतुकीत झाले. शेजारीण म्हणाली, "लई तरणी दिसाया लागलीस गं! कंची क्रीम लावतीस?"

"रोगाची," बहीण म्हणाली. "देऊ का थोडी?"

पुण्यात रोगाचं नाव कळलं, स्क्लेरोडर्मा. अंगाची राखण करणारी फौज अंगावरच उलटते आणि कातडी, मग फुप्फुसंही घट्ट होत जातात. मी नारायणगावला ग्रंथालयात नोकरीला. दुसरं काही करता येत नसल्यामुळे वाचत बसलो. पेशींच्या भोवतालच्या जाळीत मॅट्रिसेल्युलर नावाची प्रथिनं असतात. ती स्वतः काही बांधत नाहीत, नुसते इशारे देतात, इथं भर घाला, अजून घाला. जखमेपाशी येतात, जखम भरली की निघून जातात. या रोगात ती मुक्काम ठोकतात आणि भर पडतच राहते. म्हणून या मुकादमांचंच तोंड बंद करणारं औषध शोधणं चालू आहे.

हे मी बहिणीला समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी मांडवाचा एक बांबू उचलायचा न्हाई आन हुकूम तेवढं सोडायचं? आमच्या थोरल्या दिरावानी?"

"अगदी तसंच."

"मंग अवघडच हाय, बाबा."

तेव्हा तिच्या लेकीचं लग्न ठरलेलं होतं. तिला एकच हवं होतं, कन्यादानाला उभं राहताना हातात हिरवा चुडा. नवरीच्या आईचे हात रिकामे कसे दिसतील? "तवर यील का रं त्ये औषध?"

"उंदरांना दिलंय. गुण चांगला आहे म्हणतात."

तिनं भाताच्या कणगीकडे बघितलं. "आमी पिंजरं लावून मारायचं आन तुमी पुस्तकात बरं करायचं. बरंय."

हळदीच्या आदल्या दिवशी कासार आला. नवरीचे, माम्यांचे, काकूंचे हात भरले. मग बहिणीनं हात पुढे केला. बांगडी चढायला तळहात दुमडावा लागतो, तिचा लाकडासारखा.

"हात सैल सोडा, ताई," कासार म्हणाला. इतका सोपा उपाय पुण्यातल्या एकाही डॉक्टरला सुचला नव्हता.

थोरले दीर खुर्चीतून ओरडले, "दाब, दाब! अजून दाब!"

एक बांगडी वाढली. बोटाच्या सांध्यावरची कातडी चिरली, रक्त आलं.

"आई, राहू दे ना," लेक रडवेली झाली.

"तू गप. भरा वो तुमी."

कासारानं सगळ्यात मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या आणि तिरक्या करत, एकेका बोटावरून सरकवत चढवल्या. बहिणीनं पदर दातात धरला होता. दीर म्हणाले, "बघा, मी सांगितलं म्हणून झालं."

मांडवात तिच्या बारीक मनगटावर त्या बांगड्या खुळखुळत होत्या. कन्यादानाच्या वेळी पाण्याची धार धरायला तिनं झारी दोन्ही तळहातांच्या बेचक्यात पकडली. हात खाली झुकला आणि सगळा चुडा घसरत पुढे आला. पण तिची बोटं सरळ होतच नव्हती. त्या वाकड्या बोटांपाशी येऊन बांगड्या अडल्या, एकही खाली पडली नाही. रोगानं तिच्यावर केलेला हा एवढाच उपकार.

मागून कोणीतरी कुजबुजलं, "मापाच्या तरी घ्यायच्या, बाई."

बहिणीनं मान वळवली नाही. लेकीच्या ओंजळीवर पडणारी धार तुटू नये म्हणून ती झारीकडेच बघत होती.