तिसऱ्या प्रकरणातलं धाडस

पॅरिसमध्ये पुस्तकं वाचणारे पुष्कळ होते, पण ओनोरीनएवढी पुस्तकं कापणारं दुसरं कोणी नसावं. पुस्तक तेव्हा छापखान्यातून बंद घडीचंच येई आणि कडा सुरीने कापल्याशिवाय पान उघडत नसे. न कापलेलं पुस्तक म्हणजे न वाचलेलं, हे लेखक दारातूनच ओळखायचा. लेखकांना दुसरं काही दिसो न दिसो, एवढं बरोबर दिसतं.

ओनोरीन एकतीस वर्षं मस्यू वोदेल यांच्याकडे स्वयंपाक करत होती. म्हातारबुवा विद्वत्सभेचे सभासद. सभेत जागा रिकामी झाली की उमेदवाराने प्रत्येक सभासदाच्या घरी जाऊन मत मागायचं, असा रिवाज. त्यामुळे आधी पुस्तक यायचं, मागून लेखक. दोन वर्षांपूर्वी साहेबांची नजर गेली. हे एकट्या ओनोरीनला ठाऊक होतं आणि त्यापायी तिचा जीव टांगणीला लागला होता. साहेबांची भाची मादाम सिदोनी दर महिन्याला दिजोंहून यायची आणि एकच टुमणं लावायची, की मामांना वाचता येईनासं झालं की पॅरिसचं बिऱ्हाड मोडून त्यांना आपल्याकडे न्यायचं. तिच्याकडे स्वयंपाकीण होतीच.

मग दोघांनी शक्कल लढवली. ओनोरीन कांद्याच्या सुरीने पुस्तक शेवटपर्यंत कापायची आणि साहेब येईल त्या लेखकाला एकच वाक्य ऐकवायचे, "तिसऱ्या प्रकरणात तुम्ही धाडस केलंत." लेखक विरघळायचा. एकाला तर आपल्या पुस्तकातून कांद्याचा वास आला, तेव्हा तो गहिवरला. साहेबांना जेवतानासुद्धा पुस्तक सोडवत नाही, असं त्याने गावभर सांगितलं.

त्या मंगळवारी मस्यू पेर्दुसे मत मागायला आले. त्यांनी मठांच्या घंटांवर सहाशे पानं लिहिली होती. नेमक्या सिदोनीबाईही समोर बसलेल्या. साहेबांनी घसा साफ करून वाक्य टाकलं.

पेर्दुसे गोरेमोरे झाले. "पण साहेब, पुस्तकात दोनच प्रकरणं आहेत."

सिदोनीबाईंनी कप खाली ठेवला आणि मामांकडे रोखून पाहिलं. ओनोरीन कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. आपण काय करतोय हे कळायच्या आत ती बोलून गेली.

"म्हणूनच तर साहेब धाडस म्हणाले. बाकीचे लिहीतच सुटतात. थांबायची छाती किती जणांना होते?"

पेर्दुसेंचे डोळे पाणावले. प्रकाशक तिसऱ्या प्रकरणासाठी वर्षभर मागे लागला होता, आपण बधलो नाही, आणि हे आज पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं, असं ते दारापर्यंत सांगत होते. साहेबांनी मत द्यायचं कबूल केलं. दुसरं करणार तरी काय?

निघताना सिदोनीबाईंनी ओनोरीनला दाराशी गाठलं. "खरं सांग. किती दिसतं मामांना?"

ओनोरीनला खोटं बोलवेना. "खिडकी कुठे आहे, तेवढं."

बाई बराच वेळ हातमोजे चढवत राहिल्या. "माझ्या स्वयंपाकिणीला हे असं उत्तर जन्मात सुचलं नसतं," त्या शेवटी म्हणाल्या. "राहा दोघं इथेच. पण ती कांद्याच्या वासाची पुस्तकं आता नुसती कापू नकोस, वाचूनही दाखव त्यांना."

दार लागलं आणि ओनोरीन तिथल्या बाकावर बसली. आनंदाने रडावं की भीतीने, तिला कळेना. मग डोळे पुसून ती आत गेली आणि बाईंचा निरोप तिने जसाच्या तसा सांगितला.

"अरे वा," साहेब म्हणाले. "मग वाच की."

"साहेब, मला वाचता येत नाही."

साहेब खोकला लागेपर्यंत हसले. एकतीस वर्षांत आपण विचारलं कसं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी चाचपडत शेजारची खुर्ची ओढली.

"बस. ते घंटांचं पुस्तक घे. पहिलं अक्षर कसं दिसतंय?"

ओनोरीन साहेबांसमोर कधी बसली नव्हती. ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि पान नाकाशी धरून म्हणाली, "एक उभी काठी आहे. तिच्या पायाशी एक आडवी."

"तो एल. पुढचं सांग."