तालमीच्या विहिरीचं पाणी

मुलांनो, तिकडे तुम्ही नळाखाली ओंजळ धरून थेट पाणी पिता, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं, पण राग आला. तो तुमच्यावर नव्हता. आमच्या गल्लीतल्या एका सभेवरचा तो जुना राग आहे आणि अजून उतरलेला नाही.

तुमचे बाबा तेव्हा पुण्याला कॉलेजात होते. श्रावण संपत आला होता. कोल्हापुरात आमच्या गल्लीत नळाला गढूळ, गटाराच्या वासाचं पाणी येत होतं. पाण्याची जुनी लाइन गटाराच्या कडेने गेली होती आणि कुठेतरी फुटली होती. आम्ही बायका तुरटी फिरवायचो, गाळायचो, उकळायचो. तरी कावीळ शिरलीच. शेजारच्या आक्कांच्या सुनेला सातवा महिना होता. तिला सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. गरोदरपणातली कावीळ कशी जिवावर उठते, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. गल्लीत आणखी दोघी गरोदर होत्या आणि त्याही तेच पाणी पीत होत्या.

नगरसेवकांनी सभा बोलावली. पाणीखात्याचे साहेब येणार होते, नागरिकांनी तक्रारी मांडायच्या होत्या. जागा ठरली तालमीची, कारण आमच्याकडे गणपतीपासून भाऊबंदकीपर्यंत सगळं तालमीतच होतं. पण लाल मातीच्या आखाड्याकडे बाईने पाऊल टाकायचं नाही, अशी रीत. म्हणजे पहाटे उठून घाण पाणी भरायचं आम्ही आणि त्याबद्दल बोलायचं पुरुषांनी.

आम्ही रस्त्यावर, तालमीच्या खिडकीशी उभ्या राहिलो. एक शेजारीण मला म्हणाली, "काकू, तुमी शिकलेल्या. साहेबास्नी विंग्रजीत सांगा. मराठीत सांगून बगितलं की आमी. कळत न्हाय त्यास्नी."

आत आधी साहेबांना फेटा बांधला. मग नगरसेवकांना शाल आणि नारळ. मग कुठल्याशा मैदानात कुस्ती मारून आलेल्या पैलवानाचा सत्कार. मग आभार. शेवटी एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "पाणी जरा गढूळ येतंय, साहेबांनी लक्ष घालावं, ही नम्र विनंती." टाळ्या झाल्या. ते बसले. तक्रार संपली.

मी खिडकीतून मोठ्याने सांगितलं की एक मुलगी दवाखान्यात आहे, आणखी दोघींना धोका आहे, आणि लाइन कधी दुरुस्त होणार ते आज सांगा. चांगलं मराठीत सांगितलं. साहेब मान वळवून म्हणाले, "बाई, पाणी उकळून प्या. प्रस्ताव वर गेलेला आहे."

आतून कुणीतरी म्हणालं, "बायकास्नीच कसला वास येतोय? आमाला तर कायबी येत न्हाय." सगळे हसले.

तेवढ्यात पाहुण्यांसाठी थंडाई आली. आक्कांनी खिडकीतून विचारलं, "थंडाईला पाणी कुटलं वो?"

"तालमीच्या हिरीचं की, आक्का. लई गार हाय," आतला एक पैलवान कौतुकाने म्हणाला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विहीर तालमीच्या मागच्या अंगणात, वाट आखाड्यावरून. ही माणसं तिथेच अंघोळ करत, तिथलंच पाणी पीत. घरी आली की त्यांच्या हातात आमचं उकळून गाळलेलं पाणी. त्यांना वास येणार कुठून? आणि आमच्यापैकी कुणी त्या विहिरीचं तांब्याभर पाणीही कधी भरलेलं नव्हतं.

आक्कांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या सरळ आत गेल्या.

"पावणं," त्या साहेबांना म्हणाल्या, "फेटा लई शोभतोय तुमाला. लाइन कवा बदलायची तवा बदला. तवर आमच्या पोटुशी पोरी ह्या हिरीचं पाणी पितील. मी घागर आणाय चाललोय. कुणाला अडवायचं आसंल त्यानं हितं हुबं ऱ्हावं."

म्हातारे वस्ताद चाचरत म्हणाले, "आक्का, माती बाटती. रीत हाय ती."

"मग धुवा की. हीर हाय न्हवं तुमची?" त्या म्हणाल्या. "माज्या सुनंच्या पोटातलं प्वार उद्या ह्याच मातीत लोळाय येनार हुतं, वस्ताद. त्ये जगतंय का न्हाय, ठावं न्हाय."

वस्ताद उठले आणि त्यांनी पैलवानांना हाका मारल्या.

त्याच संध्याकाळी विहिरीवर मोटर बसली, मागच्या भिंतीतून पाइप बाहेर निघाला आणि रस्त्यावर आमच्यासाठी नळ आला. लोकांनी तालमीचं कौतुक केलं. मी नाही केलं. मोटर, पाइप, धडधाकट हात, सगळं तिथे होतं. मुलगी दवाखान्यात गेली तेव्हा त्यातलं काही हललं नाही. बायका आत येतील म्हटल्यावर मात्र अर्ध्या दिवसात भिंत फुटली.

त्या दोघी सुखरूप बाळंत झाल्या. आक्कांची सून वाचली. मूल वाचलं नाही.

सून घरी आली त्या दिवसापासून आक्का बाहेरच्या नळावर कधी आल्या नाहीत. रोज सकाळी घागर घेऊन त्या तालमीच्या दारातून आत जात आणि आखाड्यावरून विहिरीकडे निघत. त्यांना पाहून लढती थांबत. पैलवान अंगाला माती लागलेली तशीच, खाली मान घालून उभे राहत. आक्का घाईने चालत नसत.