मावशींनी दार उघडलं

मी चष्मा करायला गेलो आणि फासावर जाता जाता वाचलो. अंधारी खोली, हनुवटी यंत्रावर टेकवलेली, डोळ्यात उजेडाची तिरीप आणि कानाशी एक मऊ आवाज, "मंगळवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?" मला दरदरून घाम फुटला. मंगळवारचीच काय, सबंध आठवड्याची पापं मी ओकून टाकली, बायकोपासून लपवून खाल्लेल्या बिस्किटांसकट. मग दिवा लागला. समोर कानावर पेन्सिल खोचलेला, किरकोळ अंगाचा चष्मेवाला उभा होता.

"छान घाबरता तुम्ही," तो म्हणाला. "रविवारी दुपारी येत जा."

असा मी त्याच्या खेळात ओढला गेलो. हा खेळ टेबलाभोवती बसून नुसता बोलून खेळायचा. चष्मेवाला, म्हणजे आमचा मास्तर, एक गुन्हा रचायचा आणि त्यातल्या जागा, माणसं डोळ्यांपुढे उभी करायचा. तपास करणारे आम्ही तिघं: मी, शेजारचा शिंपी आणि मास्तरची आत्या. झटापट झाली तर फासे टाकायचे, पुराव्यासाठी मात्र कधीच नाही. "कपाट उघडेल त्याला कपाटातलं मिळेल," हा त्याचा नियम. शिवाय प्रत्येक धागा तो तीन ठिकाणी ठेवायचा, "कारण दोन ठिकाणी तुम्ही माती खाणार."

तो बोलायला लागला की लेन्सच्या खोक्यांवरचं ऊन हळूच सरकायचं आणि टेकडीवरच्या एका बंगल्याच्या जिन्यावर जाऊन पडायचं. त्या बंगल्यात एक म्हातारे न्यायाधीश मरून पडले होते. ओल्या लादीवर पावलं उमटलेली, पण फक्त बाहेर जाणारी. आणि तिन्ही ठिकाणी धागा एकच. माळी म्हणाला, दार मावशींनी उघडलं. डायरीत होतं, मावशींना किल्ली दिली. पेल्याखाली चिठ्ठी, मावशी पाचला येतील.

आम्ही मावशींच्या मागे लागलो.

"राहतात कुठे?" मी विचारलं.

"गावाबाहेर, लेकीकडे," मास्तर म्हणाला.

"यजमान?"

"गेले बिचारे."

"स्वभाव?"

"प्रेमळ. पण कुणी वस्तू हलवलेली खपत नाही."

न्यायाधीशांच्या आईचं माहेर आम्ही पिंजून काढलं. अकरा रविवार गेले. बंगल्याला नव्या नव्या खोल्या फुटत गेल्या, अल्बमातल्या बायका आमच्याकडे बघून हसत राहिल्या, शिंपी गळ्यातली टेप चाचपत धुक्यातून चालत राहिला. लादी ओली का, याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं, "छप्पर गळत असणार."

आत्या येत्या गुरुवारी लेकीकडे कायमची जाणार होती, विमानाने सात तासांवर. "हे अर्धवट टाकून गेले तर तिकडे मला झोप लागायची नाही," ती म्हणायची. मास्तरचा जीव वरखाली व्हायचा. पण खुनी सांगायचा नाही आणि बदलायचाही नाही, हेही त्यानेच ठरवलेलं.

शेवटच्या रविवारी आत्याने विचारलं, "या मावशी घरात शिरल्या की आधी काय करतात?"

"बाह्या सरसावतात आणि लादी पुसतात."

शिंप्याचा हात टेपवर थांबला. "आल्या आल्या? कुणाची मावशी लादी पुसते हो मास्तर?"

"कामाच्या मावशी," मास्तर म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या?"

शिंप्याने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"मेल्या," आत्या शांतपणे म्हणाली, "मी न्यायाधीशाच्या आईला चार बहिणी शोधून दिल्या." मग तिने डोळे मिटले. "लादी पाचला पुसली. नंतर त्यावरून कुणी आत आलंच नाही, म्हणजे खुनी आधीपासून घरात. मावशी, तुम्ही पुसत होता तेव्हा आत कोण होतं?"

मास्तरने मावशींचा आवाज काढला, "भाचेसाहेब होते की. वरच्या खोलीत झोपलेले."

न्यायाधीशांचे हे भाचेसाहेब त्या दिवशी परगावी असल्याचं पहिल्याच रविवारी आम्हाला सांगून मोकळे झाले होते.

"भाचा," आत्या म्हणाली. "मला भाच्यांचा भरवसा कधीच नव्हता."

मास्तरने मान डोलावली, स्वतःचा चष्मा काढला आणि तो पुसत राहिला. बंगल्यातला एकेक दिवा मालवत गेला. जिन्यावरचं ऊन परत खोक्यांवर आलं.

आत्या गुरुवारी गेली. पुढे खेळ झाला नाही. तिची खुर्ची आता दुकानात गिऱ्हाइकांसाठी ठेवली आहे. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो.