भागिनाथची निजती सायकल

कुठलीही वस्तू घ्यायची तर भागिनाथ ती आधी मागच्या बाजूनं बघायचा. गुलमंडीच्या बाजारात कुकर घ्यायला माझ्याबरोबर आला, तर दुकानदाराला म्हणाला, उलटा करा. शिवलेला सदरा उलटा करून बघायचा. त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा चहा झाल्यावर सगळे फाटकाकडं निघाले आणि हा ओट्यावरच थांबला, पाहुणे पाठमोरे कसे चालतात ते बघत. मी हसले, तर म्हणाला, "तोंड समदेच धुऊन येत्यात, अक्का. मागनं बघावं."

पुंडलिकनगरात आमची घरं समोरासमोर. त्याचे वाडवडील सिल्लोडकडचे, मेंढरं राखणारे. हा शिकला, आयटीआय केलं आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणाला आणि मीही त्याला पहिल्या दिवसापासून अरेतुरे. कामावर जायचा तो सायकलनं. ऊन असो, चिखल असो, जालना रोडनं जाऊन येऊन.

मग त्याच्या मणक्याची गादी सरकली. डॉक्टरांनी सांगितलं, हँडलवर वाकायचं नाही आणि मोटारसायकलचे हादरे तर मुळीच नकोत. तो शेअर रिक्षानं जाऊ लागला. घडी घालून ठेवल्यासारखा कोपऱ्यात बसून जायचा, आणि घरी आला की चपला काढायच्या आधी फरशीवर पाठ टेकायचा. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मुलीचं नर्सिंग पुरं व्हायचं होतं. कारखान्यात साहेब गोड बोलून सुचवायला लागले होते, झेपत नसेल तर आत्ताच मोकळे व्हा. त्याची बायको सुमन माझ्याकडं येऊन नुसती बसायची. माझ्या पुढ्यातली मेथी निवडायची.

अशात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याला फोनमध्ये एक चित्र दाखवलं. आरामखुर्चीत रेलून बसावं तशी सायकल, पाय पुढं लांब करून पायडल मारायचं, पाठ सगळी टेकलेली. झालं. हा रोज एकेका सायकलच्या दुकानात जाऊन विचारायला लागला. कुणी ऐकलेलीसुद्धा नव्हती. एक दुकानवाला म्हणाला, "चचा, पलंग कू पायडल लगा लेव." यानं शांतपणे विचारलं, "पलंगाला ब्रेक कुठले बसतील?"

शेवटी गारखेड्यात एक निवृत्त प्राध्यापक सापडले. त्यांनी हौसेनं बाहेरून मागवलेली तसली सायकल होती आणि आता गुडघ्यांमुळं ती विकायची होती. निघायच्या दिवशी सुमन माझ्याकडं आली. म्हणाली, "अक्का, तुमी संगं जा अन् नको म्हणा. तुमचं ऐकत्यात ते." म्हणजे मी गेले ती नको म्हणायलाच.

सायकल बघितली आणि मी तिच्याशेजारी उभी राहून मापच घेतलं. बसायची जागा माझ्या गुडघ्याएवढी. जालना रोडला ट्रकची चाकं माझ्या खांद्यापर्यंत येतात, आणि त्यांच्या शेजारून हा जमिनीलगत निजून जाणार! प्राध्यापकांनी आधी तिचे गुण सांगितले. भागिनाथनं मान डोलावली आणि म्हणाला, तुम्ही चालवत लांब जा, मी मागून बघतो. गुडघे धरत बिचारे गेले. मग याची नजर कोपऱ्यावर उभ्या असलेल्या वाळूच्या ट्रककडं गेली. ड्रायव्हरला विनंती करून हा वर केबिनमध्ये चढला आणि प्राध्यापकांना म्हणाला, आता ट्रकच्या पुढून जा.

उतरला तेव्हा चेहरा उतरलेला. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "अक्का, मला मी दिसलो नाय."

खोटं कशाला सांगू, माझा जीव भांड्यात पडला. नको न म्हणताच काम झालं होतं. मी पर्ससुद्धा उचलली. पण तो तिथंच उभा राहिला, सायकलीच्या मागच्या दांडीवर बोट फिरवत. म्हणाला, "लहानपणी मक्यातून मेंढरामागं जायचो, तर माय काठीला लाल फडकं बांधायची. मक्यात पोरगं दिसत नाय. काठी दिसती." आणि त्यानं सायकल घेतली. मी नको म्हणाले, दोनदा म्हणाले. त्यानं माझ्याकडं बघून शब्द दिला, काठीबिगर हिच्यावर बसणार नाही.

प्राध्यापकांनी साखळी-कुलूप हातात दिलं, तर ते त्यानं घेतलं नाही. त्यांच्यात जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकणाऱ्यानंच ठेवायचं असतं, नाहीतर त्या घरची बरकत जाते. प्राध्यापकांना मी समजावून सांगितलं. त्यांनी साखळीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि ती दारामागच्या खिळ्याला अडकवली. आणि आम्ही बिनकुलपाची सायकल ढकलत घरी आणली. वाटेत उसाचा रस प्यायला थांबलो तरी हा तिला सोडून आत येईना.

दुसऱ्या दिवसापासून माझं काम वाढलं. सकाळी तो काठी लावून निघाला की मी गॅलरीत. कंपाउंडच्या भिंतींवरून फक्त लाल फडकं सरकत जाताना दिसायचं, खाली माणूस आहे हे मला माहीत म्हणून. संध्याकाळी साडेपाचला ते परत सरकत यायचं. तेवढ्यात माझा चहा दोनदा गार व्हायचा. मी एकदा विचारलं, तुला भीती वाटत नाही का रे? म्हणाला, "लई वाटती. पण काम भागंल असं भ्यावं, अक्का. काम सुटंल असं नाय."

एकदा साडेपाच वाजले, सहा वाजले, फडकं नाही. फोन लागेना. सुमन चपला न घालताच बाहेर आली. आम्ही दोघी जालना रोडपर्यंत गेलो. तिनं माझं मनगट धरलेलं, आणि प्रत्येक ट्रक गेला की ती जास्तच आवळायची. मी मनात स्वतःला शिव्या देत होते, की तेव्हा तिसऱ्यांदा नको का म्हणाले नाही.

सातच्या सुमारास मुकुंदवाडीकडून तो आला. चालत. कमरेत वाकून, सायकल ढकलत. रस्त्यावर लोंबणाऱ्या केबलमध्ये अडकून काठी मोडली होती, आणि फोनचा जीव गेला होता. सायकल चांगली होती, तोही चांगला होता. पण मणका दुखत असताना एवढी वाट तो चालत आला होता. सुमननं मग तोंडाचा पट्टा सोडला, बसून आला असतात तर काय झालं असतं म्हणून. त्यानं मोडक्या काठीचा तुकडा माझ्यापुढं धरला. "अक्काला शबूद दिला व्हता."

दोन दिवस तो उताणा पडून होता. तिसऱ्या दिवशी नवी काठी लावून कामावर. ती दोन वर्षं त्यानं तशीच काढली. मुलगी नर्स झाली आणि भागिनाथ गावाकडं गेला.

जायच्या आधी सायकल एका बँकेतल्या बाईंनी घेतली, त्यांचीही पाठ गेलेली. भागिनाथनं त्यांना काठी दिली आणि नंतर स्वतः विकत घेतलेली कुलुपाची साखळी काढून घेतली. ती माझ्या दाराच्या खिळ्याला अडकवून म्हणाला, "माझं दावं तुमच्याकडं राहू द्या."

परवा रिक्षातून जालना रोडनं येत होते. सिग्नल सुटला आणि गाड्यांच्या पुढं एक लाल फडकं हलताना दिसलं. मी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, हळू घे बाबा, पुढं खाली माणूस आहे. तो म्हणाला, कुठंय आजी, मला तर कुणी दिसत नाही.

"दिसणार नाही," मी म्हटलं. "काठी बघ."