वहिनीची राणी मुंगी

हे मी कोणालाच सांगितलं नाही. दादाला नाही, नवऱ्याला नाही—आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही वहिनीला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतं.

गोष्ट मुंग्यांची आहे. हसू नका.

नव्वदीच्या शेवटची वर्षं. मी चंद्रपूरला बी.एस्सी. करत होते, सुट्टीत पोंभुर्ण्याला घरी यायची. त्या उन्हाळ्यात वहिनीचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं आणि ती बोलेनाशीच झाली. विहारात जाईना, शेजारणींत बसेना. मला काही सुचेना. म्हणून पावसाळ्यातल्या एका उघडिपीच्या सकाळी तिला ओढतच मोहाच्या झाडाखाली नेलं. उडून आलेल्या राणी मुंग्या तिथे पंख टाकून चिखलात फिरत होत्या. रुंद छाती, जड पोट, पाठीवर गळलेल्या पंखांच्या खुणा—अशी दिसली की उचल, म्हटलं. दोन पकडल्या. एक तिची, एक माझी.

काचेच्या नळीत तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाला पुन्हा कापूस. फडक्यात गुंडाळून नळी आडवी ठेवायची. राणीला खायला लागत नाही. पहिली पिल्लं ती स्वतःच्या अंगातल्या साठ्यावरच वाढवते. तिला फक्त अंधार हवा. सारखं उघडून पाहिलं, तर बिथरते आणि आपलीच अंडी खाते. हे वहिनीला मीच शिकवलं होतं.

आणि ती किती जपायची, काय सांगू! फडकं जरासं सरकवायची, श्वास धरून बघायची, लगेच झाकायची. बाहेर पाऊस, घरात भरदुपारचा अंधार, आम्ही दोघी नळीवर वाकलेल्या—ते दिवस खरेच होते का, असं आता वाटतं. एकदा हळूच म्हणाली, "पाह्य ना बाई, अंडी चाटून राह्यली ते." कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला. मी रडलेच. मग अंड्यांच्या अळ्या झाल्या, आणि वहिनी पोटभर जेवायला लागली.

माझ्या राणीनं मात्र एकही अंडं घातलं नाही.

कसं सांगू? कॉलेजात प्रदर्शन होतं. पिल्लांसकट राणी आणते, असं मी सरांना सांगून बसले होते. फुशारकी हो, दुसरं काय! मागितली असती तर वहिनीनं दिली असती? असतीही. पण नाही म्हणाली असती तर? निघायच्या दिवशी ती विहिरीवर गेली, आणि मी नळ्यांची अदलाबदल केली.

एवढंच असतं तर ती चोरी झाली असती. चोरी मी केव्हाच कबूल केली असती.

पण मी निघायच्या आत ती परतली. ओल्या हातानंच फडकं सरकवलं. कितीतरी वेळ बघत राहिली. "बाई, हे माही नाई वाटत. पिल्लं कुठी गेली?"

आणि मी—शिकलेली ना मी!—म्हणाले, "खाल्ले असतीन वहिनी. तू घडीघडी पाहत होती ना."

तिनं फडकं नीट गुंडाळलं. "माही नजरच खराब," एवढंच म्हणाली. तिची राणी माझ्या पिशवीत होती. एका वाक्याचं काम होतं. आपलं बाळ गेलं त्यातही आपलाच दोष, असं ती तेव्हा मनात म्हणत असेल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. मी बस पकडली.

प्रदर्शनात कौतुक झालं. राणी तिथेच, प्रयोगशाळेच्या खिडकीत, उन्हानं मेली.

पुढे वहिनीला मुलगी झाली. मी भेटायला गेले, तर वहिनी भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती. आई वैतागली होती. "आपल्या पोरीकडे पाह्यत काऊन नाई व तू? असी कसी माय?" वहिनी म्हणाली, "पाहू द्या ना तुम्हीच. मी पाह्यलं का जगत नाई." आईला वाटलं, बाळंतिणीचं डोकं फिरलंय.

त्या खोलीत त्यामागचं कारण एकट्या मलाच माहीत होतं. मी बाळाचं टोपडं आईच्या हातात दिलं आणि चहा प्यायले.